मुलांची कविता आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी मागे, चहाच्या पातेल्याजवळ बसते. ती माझी ठरलेली जागा आहे आणि तिथे मला बरे वाटते. यंदा चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "शनिवारी तुम्ही मुलांना कविता शिकवता, त्याविषयी चार शब्द बोला." मी म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली बाई. कवितेवर बोलायला कुणी एम. ए. झालेल्या बाई बोलवा." त्या म्हणाल्या, "त्यांना पुढच्या वर्षी बोलावू. यंदा तुम्ही." मग माझा नाइलाज झाला. काही चुकले तर आपलीच म्हणून सांभाळून घ्या.

आधी एक खुलासा करते. मी मुलांना कविता शिकवत नाही. शिकवण्याचे काम शाळेतल्या बाईंचे आणि सरांचे. त्यांनी त्याचे शिक्षण घेतले आहे. मी मुलांकडून कविता मोठ्याने वाचून घेते आणि त्यांना प्रश्न विचारते. मग ती स्वतः चार ओळी लिहितात, त्या ऐकते. यापलीकडे माझ्याकडे काही नाही. एवढे मात्र आपल्यापैकी कोणालाही करता येईल, हे सांगावे म्हणून मी उभी राहिले आहे. आणि माझ्या हातून एक चूक झाली, तीही सांगायची आहे. ती सांगितल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही.

माझे माहेर कोयनेकाठच्या एका लहान गावी. गावात शाळा सातवीपर्यंतच होती. पुढची शाळा नदीपलीकडे. धाकटी भावंडे होती, आईला हाताशी कोणी हवे होते, तेव्हा माझी शाळा तिथेच थांबली. त्याचे रडगाणे मी गात नाही. त्या काळी आमच्या गावात बऱ्याच मुलींचे असेच झाले. पण शाळा सुटली तरी कविता सुटली नाही, कारण घरात आजी होती. गावात गिरणी आली होती, तरी डाळ भरडायला आणि मेतकूट दळायला आजी जातेच लावी. जाते फिरू लागले की तिची ओवी सुरू होई. मी समोर बसून खुंट्याला हात लावी. ओवी कुठे थांबते आणि जाते कुठे जड होते, हे माझ्या हाताला कळत असे. ही कविता आहे, हे मात्र मला तेव्हा कोणी सांगितले नाही. कविता म्हणजे पुस्तकातली, पाठ करायची, अशीच माझी समजूत होती.

आता मुख्य गोष्टीकडे येते. तीन वर्षांपूर्वी माझी धाकटी नववीत होती. शाळेतून कवितेचे रसग्रहण लिहून आणायला सांगितले होते. तिने गाईड उघडले आणि त्यातले सुंदर अक्षरात उतरवून नेले. "कवीने निसर्गाचे मनोहारी वर्णन केले आहे," असे पहिलेच वाक्य. आता त्या कवितेत एक झाड नव्हते की एक पान नव्हते. गाईडाची पाने चिकटली होती, तिने दुसऱ्याच कवितेवरचे वाक्य उतरवले होते, आणि ते तिच्या ध्यानातही आले नव्हते. बाईंनी खाली लाल शाईने एवढेच लिहिले, "हे कोणाचे मत?"

पोरगी रडत घरी आली. मी भाकरी थापत होते. मी म्हटले, "मला गाईडातले काही कळत नाही. तू कविता वाच. माझे हात पिठात आहेत, कान मोकळे आहेत." तिने वाचली. मी म्हटले, "पुन्हा वाच, जरा सावकाश." तिने पुन्हा वाचली. मग कोणी निरोप घेऊन दारात आले की आपण जे विचारतो, तेच मी तिला विचारले. कोण बोलतो आहे? कोणाशी बोलतो आहे? वेळ कोणती? तिने आधी सांगितले की कवी लहान मुलाशी बोलतो आहे. तिसऱ्यांदा वाचताना मात्र मध्येच थांबली आणि म्हणाली, "आई, नाही गं. हा स्वतःशीच बोलतोय. मुलगा तिथे नाहीच." त्या क्षणी तिचा चेहरा असा खुलला, की माझी तव्यावरची भाकरी करपली तरी मला त्याचे वाईट वाटले नाही.

तिने दुसरे रसग्रहण लिहिले. ते गाईडापेक्षा निम्मे होते, शुद्धलेखनाच्या चुका होत्या, पण बाईंनी ते वर्गात वाचून दाखवले. मग तिच्या दोन मैत्रिणी आल्या, मग समोरच्या घरातला मुलगा आला. घरात जागा पुरेना, तेव्हा मंडळाने ही खोली शनिवारी दुपारी दिली. ह्यांनी शिवणाच्या दुकानातला जुना फळा धुऊन दिला. सध्या नऊ मुले येतात, आठवी ते दहावीची.

आम्ही काय करतो, ते क्रमाने सांगते. आपल्या घरी मुले असतील तर करून पाहा.

पहिले, कविता दोनदा मोठ्याने वाचायची. अर्थ विचारायचा नाही. आपण ताटात भाजी वाढल्याबरोबर "कशी झाली?" असे विचारतो, आणि घास तोंडात असलेला माणूस बिचारा मान हलवतो. कवितेचेही तसेच आहे. आधी घास खाऊ द्यावा.

दुसरे, कोण, कोणाशी आणि केव्हा, हे तीन प्रश्न. यांची उत्तरे कवितेतल्याच शब्दांवर बोट ठेवून द्यायची. "मला असे वाटते" एवढे म्हटलेले आमच्याकडे चालत नाही. "या शब्दामुळे वाटते" असे म्हणावे लागते. मुले यावरून भांडतात. भांडू द्यावीत. कवितेवरून भांडणारी मुले मी या वयात प्रथमच पाहिली.

तिसरे, एक शब्द काढून तिथे दुसरा घालून पाहायचा. म्हणजे पहिला शब्द काय काम करीत होता, ते समजते. आमटीत आमसूल घातले आहे की चिंच, हे आमटी पिऊनच कळते. तसेच हे आहे.

चौथे, कवितेत काय सांगितलेले नाही, ते शोधायचे. हे सर्वांत अवघड, आणि मुलांना सर्वांत आवडणारे. आपण बायका हे रोज करतो. सासरहून मुलीचा फोन येतो, "सगळे ठीक आहे" म्हणते, आणि तिने काय सांगितले नाही ते आपल्याला बरोबर ऐकू येते. तोच कान कवितेला लावायचा.

पाचवे, मोजायचे. हे मला येत नव्हते. शाळेतल्या एका बाईंनी मला वाचनालयातून मो. रा. वाळंबे यांचे 'सुगम मराठी व्याकरण लेखन' आणायला सांगितले. रात्री जेवणे उरकल्यावर मी ते वाचत बसे. ऱ्हस्व अक्षर लघु, त्याची एक मात्रा. दीर्घ अक्षर गुरू, त्याच्या दोन. पुढच्या जोडाक्षराचा आघात मागच्या ऱ्हस्व अक्षरावर आला, तर तेही गुरू होते. तीन-तीन अक्षरांचा एक गण. चाळिशी उलटल्यावर बोटाच्या पेरांवर मात्रा मोजताना मला पाहून ह्यांना वाटले, मी देवाचा जपच करते आहे.

पण मुलांना "यगण, मगण" असे सांगितले की त्यांचे डोळे मिटू लागतात. म्हणून मी मनाच्या श्लोकांपासून सुरुवात केली. समर्थांचे २०५ श्लोक आहेत आणि त्यांचे वृत्त भुजंगप्रयात. आपल्या घरांत ते कानांवरून गेलेले असतात. मी एक थाळी आणि चमचा घेतला. लघूला एक हलका ठोका, गुरूला लांबवलेला ठोका. लहान, मोठा, मोठा. असे चारदा वाजवले की एक ओळ होते, बारा अक्षरांची. मुलांनी श्लोक म्हणत थाळी वाजवली आणि सगळ्यांचा ठोका एकाच जागी पडला, तेव्हा ती चकित झाली. श्लोक त्यांना येतच होता. त्याच्या आत हे माप आहे, हे ठाऊक नव्हते. शिवणाच्या दुकानात वाढलेल्या माझ्या मुलीला हे लगेच पटले. अंगात बरोबर बसलेल्या पोलक्याला माप घेतलेले असतेच, ते वरून दिसत नाही इतकेच.

अभंगाचे माप याहून सोपे. तिथे लघुगुरू पाहायचे नाहीत, नुसती अक्षरे मोजायची. मोठ्या अभंगात चार चरण असतात. पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांना. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण आणि शेवटी यमक. जोडाक्षर कितीही मोठे असले तरी ते एकच धरायचे. बस्स. आमची मुले लिहितात ती या आठ-आठ अक्षरांत लिहितात. दोन्ही हातांची आठ बोटे पुरतात, अंगठे मोजायला मोकळे राहतात.

आता लिहिण्याविषयी. पहिल्या दिवशी मी सांगितले, "आईवर दोन ओळी लिहा. आठ अक्षरे, शेवटी यमक." एकाने लगेच लिहून दाखवले:

आई माझी आहे छान
रोज खाते एक पान

अक्षरे अगदी बरोबर, यमकही बरोबर. फक्त त्याच्या आईने जन्मात पान खाल्लेले नाही. त्या वहिनी इथे समोरच बसल्या आहेत आणि हसत आहेत, म्हणून सांगायचे धाडस केले. यमकाने पोराला ओढत पानाच्या ठेल्यावर नेले! त्या दिवसापासून आम्ही नियम केला, की यमक शेवटी शोधायचे. आधी खरे काय ते लिहायचे.

मग मी त्यांना निराळे काम दिले. सकाळी उठल्यापासून शाळेत जाईपर्यंत घरात जे आवाज ऐकू येतात, त्यांची यादी करून आणा. दहा आवाज, खरेच ऐकलेले. मुलांना हे काम सोपे वाटले, पण पुढच्या शनिवारी पाच-सहाच आवाज घेऊन आली. रोज ऐकतो ते लक्षात राहत नाही. दुसऱ्या खेपेला पंधरा-पंधरा आवाज आले. कुकरची शिट्टी सगळ्यांच्या यादीत होती. एकाच्या यादीत घागरीचा आवाज होता. त्या मुलाची आई चार घरची कामे करते. पुढे त्याने हे लिहिले:

नळ येता पहाटेला
जाग येई घागरीला
भरून ती गप्प होते
आई माझी कामा जाते

भगिनींनो, या चार ओळींवर आम्ही एक शनिवार घालवला. मी मुलांना विचारले, "घागरीला जाग कशी येते? ती काय माणूस आहे?" तो म्हणाला, "काकू, आई तिला नळाखाली ठेवते ना, तेव्हा ती दणकन वाजते. मला त्यानेच जाग येते." निर्जीव वस्तूला सजीवाचे गुण दिले, की त्याला चेतनगुणोक्ती अलंकार म्हणतात. ते नाव आम्ही नंतर पुस्तकात पाहिले. आधी घागर वाजली, मग अलंकाराचे नाव आले. हाच क्रम बरा. परीक्षेत नाव लिहावे लागते आणि ते पाठ केलेच पाहिजे, पण ज्या मुलाने घागर ऐकली आहे त्याला ते पाठ करायला वेळ लागत नाही.

मग एक मुलगी म्हणाली, "गप्प हा शब्द काढून शांत घालून पाहू." अक्षरे तेवढीच राहतात. पण शांत घागर मुलांना आवडेना. का, ते सांगता येईना. शेवटी ज्याने लिहिले होते तोच म्हणाला, "रिकामी असते तेव्हा पाण्याचा आवाज मोठा येतो, मग कमी कमी होत जातो. भरली की गप्पच होते. शांत तर देवळात असते." आपण इतकी वर्षे पाणी भरतो. घागर भरत आली हे पाठमोऱ्या असलो तरी आपल्याला आवाजावरून कळते. ते त्या मुलाने एका शब्दात पकडले.

शेवटी मी विचारले, "यात काय सांगितलेले नाही?" थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग माझी मुलगी म्हणाली, "घागरीचे काम संपते. त्याच्या आईचे सुरू होते. तसे त्याने लिहिलेले नाही, पण ओळी शेजारी शेजारी ठेवल्यात." मी त्या मुलाकडे पाहिले. तो म्हणाला, "मी तसे काही ठरवून नव्हते केले, काकू. पण आहे खरे तसेच." कवितेचे रसग्रहण म्हणतात ते हेच असावे, असे मला वाटते. शाळेत त्याचे भाग पाडून देतात. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. ही नावे मला पूर्वी फार मोठी वाटत. कविता काय सांगते, ते किती सुंदर रीतीने सांगते, आणि त्यासाठी शब्द कसे वापरते, एवढेच त्यांत आहे.

आता माझी चूक सांगते.

आमच्यात एक मुलगी आहे. तिचे वडील दोन वर्षांपूर्वी वारले. ती फार बोलत नसे, कोपऱ्यात बसे. तिचे आणि तिच्या आईचे नाव मी घेणार नाही. पण त्या दोघींना विचारूनच हे सांगते आहे. एके शनिवारी तिने माझ्या हातात कागद दिला. त्यावर असे होते:

दारी जुन्या चपलांचा
जोड आहे तो बाबांचा
आई रोज पुसते तो
आणि जागी ठेवते तो

मी वाचले. मला वाटले, कल्पना चांगली आहे, पण चपला, पुसणे हे कवितेत बरे दिसत नाही. त्यातून २७ फेब्रुवारी जवळ आलेली. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. मंडळाच्या कार्यक्रमात मुलांनी कविता वाचायच्या होत्या, बाहेरच्या पाहुण्या येणार होत्या. मी मायेनेच पेन घेतले आणि शेवटच्या दोन ओळी खोडून तिथे लिहिले:

आठवांच्या चांदण्यात
तेज त्याचे अंगणात

अक्षरे आठ-आठ, यमक उत्तम. मला माझेच कौतुक वाटले. तिला म्हटले, "बघ, आता कशी शोभते!" ती काही बोलली नाही. कार्यक्रमात तिने ती वाचली. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्या बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती मान खाली घालून जागेवर जाऊन बसली. मला वाटले, लाजली.

पुढच्या शनिवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही शनिवारी नाही. तेव्हा मी तिच्या घरी गेले. दोन खोल्यांचे घर, जिन्याच्या तोंडाशी दार. दाराशी पुरुषी चपलांचा एक जोड ठेवलेला. टाचा झिजलेल्या, पण धुळीचा कण नाही. मी त्या चपला पाहिल्या आणि माझी पावले तिथेच अडली. आत गेले तर तिची आई म्हणाली, "या ना वहिनी." चहा ठेवला. मुलगी पुस्तक घेऊन बसली होती. मी विचारले, "का गं, येत का नाहीस?" तिने वर न बघता सांगितले, "काकू, आमच्या घराला अंगण नाही."

त्यावर मी काय बोलणार? मी तिच्याकडून काय काढून घेतले होते, ते मला तेव्हा समजले. तिने आपली आई पाहिली होती. रोज सकाळी नवऱ्याच्या चपला पुसून पुन्हा जागेवर ठेवणारी. कोणाला सांगता न येणारी गोष्ट तिने धीर करून चार ओळींत सांगितली होती आणि विश्वासाने माझ्या हातात दिली होती. मी तिच्या आईला त्या कवितेतून बाहेर काढले आणि तिथे चांदणे आणून टाकले. तेही कुठल्या तरी जुन्या मासिकातून माझ्या डोक्यात राहिलेले. लाल शाईतला तो प्रश्न, "हे कोणाचे मत?" आता माझ्याच कागदावर उभा होता. माझ्या मुलीने गाईडातून उतरवले म्हणून मी तिला बोलले होते. इथे मीच त्या पोरीचे गाईड झाले होते.

मी तिची क्षमा मागितली. आपल्याकडे मोठ्या माणसांनी लहानांची क्षमा मागायची रीत नाही, पण मागितली. तिच्या आईला हे काहीच ठाऊक नव्हते. मूळच्या ओळी तिने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकल्या. तिने पदराने डोळे पुसले आणि मुलीला म्हणाली, "तू बघत होतीस होय?" बाकी काही बोलणे झाले नाही. मी चहा घेऊन परत आले.

तेव्हापासून मला बहिणाबाईंची फार आठवण येते. बहिणाबाई चौधरी, जळगावजवळच्या आसोद्याच्या. जन्म १८८०चा. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. शेतात, घरात काम करता करता त्या गाणी रचीत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव, जे स्वतः कवी होते, त्यांनी आणि घरातल्या माणसांनी ती टिपून ठेवली. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघाले. त्याला आचार्य अत्र्यांची प्रस्तावना आहे. मला त्यातली मोठी गोष्ट वाटते ती ही, की ती गाणी त्यांच्या बोलीतच छापली गेली. कवी असलेल्या मुलाने आईचे शब्द पुस्तकी करून टाकले नाहीत. शिकलेल्या माणसाला हे किती कठीण असते, ते मी सातवी शिकून अनुभवले.

आणि ओव्यांचेही तसेच. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा करून 'स्त्रीजीवन' तयार केले. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या आता मोबाइलवरही ऐकता येतात, म्हणणाऱ्या बाईच्या आवाजात. माझ्या आजीसारख्या किती बायका त्यांत असतील! त्यांतल्या कोणीही आपल्या ओवीत उगाच चांदणे आणले नसेल. जे घरात होते तेच त्यांनी जात्याला सांगितले.

म्हणून आता आमच्या शनिवारच्या खोलीत माझ्यासाठी एक नियम आहे. तो मुलांनीच फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला आहे. काकूंनी पेन हातात घ्यायचे नाही. अक्षर कमी-जास्त झाले असेल तर मी "मोजून बघ" म्हणते. ओळ खोटी वाटली तर "हे तू पाहिलेस का?" असे विचारते. दुरुस्ती ज्याची त्याने करायची. कधी कधी कविता तशीच अर्धी राहते. राहू दे.

कोणी विचारतील, की याने गुण वाढतात का? खरे सांगते, सगळ्यांचे वाढले असे नाही. कवीचे नाव, अलंकार, कवितेचा विषय हे सगळे परीक्षेला लागते आणि ते मुलांकडून आपण करून घ्यावेच. शाळेशी वाकडेपणा नको. पण माझ्या पाहण्यात एक आले आहे. ज्या मुलाने स्वतः चार ओळी लिहिल्या, तो दुसऱ्याची कविता वाचताना घाई करत नाही. एकेका शब्दाला किती बोटे मोजावी लागतात, हे त्याला ठाऊक झालेले असते.

आजकाल मुले मोबाइलला सांगतात, "आईवर कविता लिही," आणि क्षणात चार कडवी हजर होतात. माझ्या मुलीने मला दाखवले. मी वाचून पाहिले. अक्षरे बरोबर, यमक बरोबर, आणि तिसऱ्या ओळीत चांदणे! मला हसू आले आणि थोडी लाजही वाटली, कारण ते मी लिहिल्यासारखेच होते. मोबाइलला दोष कशाला द्यायचा? त्याने आपली घागर कधी ऐकली नाही, आपल्या दारातल्या चपला पाहिल्या नाहीत. त्या आपल्या मुलांनी पाहिल्या आहेत.

तेव्हा माझी आपणा सर्वांना एवढीच विनंती आहे. मूल कविता वाचू लागले, की काम करता करता दोन मिनिटे ऐका. "मला काय कळते त्यातले" असे म्हणू नका. मीही तेच म्हणत होते. आणि मुलाने लिहिलेला कागद हातात दिला, तर "छान" म्हणून फडताळात ठेवू नका, आणि माझ्यासारखे पेनही उचलू नका. कोण बोलते आहे, कोणाशी, आणि केव्हा, एवढे विचारा. पुढचे मूल सांगेल.

ती मुलगी पुन्हा येऊ लागली आहे. कोपऱ्यात बसत नाही, थाळी वाजवायला पुढे असते. हे भाषण स्मरणिकेत छापायचे आहे असे मी तिला सांगितले, तेव्हा तिने आपल्या ओळी द्यायला होकार दिला, पण एक अट घातली. म्हणून संपादकबाईंना माझी हात जोडून विनंती आहे. माझ्या भाषणात काय कापायचे, काय दुरुस्त करायचे ते खुशाल करा. तिच्या चार ओळींत मात्र एक अक्षरही बदलू नका.

चहा तयार आहे. मी आता माझ्या जागेवर जाते.